दहावीची भाषेची कृतिपत्रिका : लेखनाचा कोणता पर्याय निवडावा?

प्रत्येक वर्षी फेब्रुवारी-मार्च महिन्यांत दहावीची परीक्षा आली की आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांत एकच चिंता असते. गणित व विज्ञान यांसाठी शिकवणी लावली जाते, मात्र भाषांच्या बाबतीत 'वाचून होईल' असे म्हणून पालक निश्चिंत राहतात. प्रत्यक्षात खालापूर व कर्जत या तालुक्यांतील मराठी माध्यमाच्या कित्येक विद्यार्थ्यांचे पाऊल अडते ते इंग्रजीच्या लेखनविभागात. या विभागात विद्यार्थ्याला दोन पर्याय दिलेले असतात व त्यांतील एकाचे उत्तर लिहावयाचे असते. हा पर्याय कसा निवडावा हे शाळेत क्वचितच शिकवले जाते. ते समजावून सांगण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

तीन घरे, तीन प्रकारची 'दुसरी भाषा'

खालापूर तालुक्यात सावरोली-खारपाडा रस्त्याच्या परिसरात कुंभिवली हे गाव आहे. या भागात एका बाजूला भातशेती व आदिवासी वाड्या, तर दुसऱ्या बाजूला कारखाने व त्यांत काम करण्यासाठी बाहेरून आलेली कुटुंबे असे चित्र दिसते. त्यामुळे एकाच परिसरातील दहावीच्या मुलांची भाषिक परिस्थिती सारखी नसते. तिचे ढोबळमानाने तीन प्रकार करता येतील.

पहिला प्रकार मराठी माध्यमात शिकणाऱ्या मुलांचा. त्यांना राज्य मंडळाच्या परीक्षेत मराठी ही प्रथम भाषा व इंग्रजी ही तृतीय भाषा असते. मंडळाच्या लेखी ती 'तृतीय' असली, तरी घराबाहेर कामाला येणारी दुसरी भाषा म्हणून पालक तिच्याकडेच पाहतात. महाराष्ट्रात मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी शिकवण्यास २००० साली प्रारंभ झाला. त्यापूर्वी ती पाचवीपासून होती. म्हणजे आजच्या बहुतेक पालकांना या भाषेशी स्वतः फार थोडा परिचय मिळाला होता, ही गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी.

दुसरा प्रकार इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकणाऱ्या मुलांचा. ती मराठीचे 'अक्षरभारती' हे द्वितीय भाषेचे पुस्तक अभ्यासतात. २०२० साली झालेल्या कायद्याने राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठीचे अध्यापन टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले आहे. त्यामुळे अशा मुलांची संख्या यापुढे वाढतच जाणार. घरी मराठी बोलणारी, पण मराठीत सलग दहा वाक्ये लिहिताना अडखळणारी मुले आपल्याही कुटुंबांत आहेत.

तिसरा प्रकार सर्वांत दुर्लक्षित आहे. ठाकर व कातकरी वाड्यांतील मुलांच्या घरी बोलली जाणारी बोली पुस्तकी मराठीहून बरीच वेगळी असते. मंडळाच्या दृष्टीने त्यांची प्रथम भाषा मराठी, पण त्या मुलांसाठी तीच खरी दुसरी भाषा असते व इंग्रजी तिसरी. त्यातच कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांच्या कामासाठी स्थलांतर करतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. दहावीची परीक्षा नेमकी याच काळात येते. अशा मुलासाठी लेखनविभागातील पाच गुण म्हणजे पुढील शिक्षणाचे दार उघडे राहणे किंवा बंद होणे, एवढी ती गंभीर बाब ठरते.

लेखनविभागाचे महत्त्व किती?

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाची स्थापना १ जानेवारी १९६६ रोजी झाली. रायगड जिल्हा कोकणात असला, तरी मंडळाच्या रचनेत तो मुंबई विभागात मोडतो. कोकण विभागीय मंडळाकडे रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे आहेत. आपल्या पालकांना कोणतीही चौकशी करावयाची झाल्यास ती शाळेमार्फत मुंबई विभागीय मंडळाकडे करावी लागते.

दहावीची नवी पाठ्यपुस्तके २०१८ साली आली. त्यांवर आधारित पहिली परीक्षा मार्च २०१९ मध्ये झाली. त्या वर्षी भाषा विषयांचे २० अंतर्गत गुण बंद करून संपूर्ण १०० गुणांची लेखी परीक्षा घेण्यात आली. २०१८ साली राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. तो २०१९ मध्ये ७७.१० टक्क्यांवर आला. पुढील शैक्षणिक वर्षापासून अंतर्गत गुण पुन्हा सुरू झाले व लेखी परीक्षा ८० गुणांची झाली. तोंडी परीक्षेचा आधार काढून घेतल्यावर मुलांना लेखन किती जड जाते, हे त्या एका वर्षाने सर्वांना दाखवून दिले.

या पुस्तकांवरील ८० गुणांच्या तृतीय भाषा इंग्रजीच्या कृतिपत्रिकेत चार ठिकाणी विद्यार्थ्याला लेखनप्रकाराची निवड करावयाची असते व प्रत्येक ठिकाणी पाच गुण असतात. पाचव्या प्रश्नात प्रथम औपचारिक किंवा अनौपचारिक पत्र, व त्यानंतर संवादलेखन किंवा भाषणाचा मसुदा. सहाव्या प्रश्नात प्रथम माहितीचे रूपांतर, म्हणजे तक्ता अथवा आलेख पाहून परिच्छेद लिहिणे किंवा परिच्छेद वाचून तक्ता तयार करणे, व त्यानंतर बातमी किंवा कथा. असे हे एकूण २० गुण होतात. ८० गुणांचा हा चौथा हिस्सा आहे. उत्तीर्ण होण्यासाठी विषयात शंभरपैकी ३५ गुण लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे या वीस गुणांचे मोल समजते.

वेळेचाही हिशेब येथेच करून ठेवावा. तीन तासांत ८० गुण, म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटे. पाच गुणांच्या एका लेखनकृतीला साधारण अकरा मिनिटे मिळतात व चारही कृतींना मिळून पाऊण तास. पूर्वी प्रश्नपत्रिका निर्धारित वेळेच्या दहा मिनिटे आधी वाचावयास मिळत असे. ती पद्धत २०२३ च्या परीक्षेपासून बंद करून तेवढी दहा मिनिटे शेवटी वाढवून देण्यात आली. याचा एक परिणाम फारसा कोणी ध्यानात घेतलेला नाही. पर्याय निवडण्याचे काम पूर्वी लेखन सुरू होण्याआधी होत असे. ते आता लिहिण्याच्या वेळेतच उरकावे लागते. म्हणून निवडीची रीत घरूनच ठरवून जाणे अगत्याचे झाले आहे.

मुले कोठे चुकतात?

दोन्ही पर्यायांना गुण सारखेच असतात. पण सारखे गुण म्हणजे सारखा कठीणपणा नव्हे. अमेरिकेतील सांख्यिकीतज्ज्ञ हॉवर्ड वेनर व डेव्हिड थिसेन यांनी १९९४ साली परीक्षेतील पर्यायांविषयी एक विस्तृत अभ्यासलेख प्रसिद्ध केला. विद्यार्थी आपल्याला अधिक गुण मिळवून देणारा प्रश्न निवडतातच असे नाही, व त्यामुळे पर्याय दिल्याने परीक्षा आपोआप अधिक न्याय्य होत नाही, असा त्यातील युक्तिवादाचा रोख होता. आपल्या शिक्षकांचा अनुभवही यापेक्षा वेगळा नाही.

यामागचे कारण साधे आहे. प्रश्न वाचताना मूल विषयाकडे पाहते, भाषेकडे पाहत नाही. कथेचा आरंभ वाचला की पुढे काय घडेल हे त्याला मराठीत दिसू लागते. मनात गोष्ट तयार झाली म्हणजे ती लिहिताही येईल असा त्याचा समज होतो. पण विचार मराठीत आहेत व लिहावयाचे इंग्रजीत आहे. मग एकेका वाक्याचे भाषांतर सुरू होते, क्रियापद शेवटी जाते, शब्द अडतात, व अकरा मिनिटांच्या जागी पंचवीस मिनिटे खर्च होतात. म्हणून निवडीचा पहिला नियम असा सांगता येईल : ज्या विषयावर विचार अधिक सुचतात तो पर्याय घेऊ नये, ज्या पर्यायाची वाक्ये त्या भाषेतच सुचतात तो घ्यावा.

इंग्रजीतील चार निवडी

पत्र : औपचारिक पत्राला ठरलेला साचा असतो. पत्ते, दिनांक, विषय, संबोधन, दोन-तीन छोटे परिच्छेद व समारोप. विनंती, तक्रार किंवा मागणी यांची पाच-सहा वाक्ये एकदा नीट आत्मसात केली की ती बहुतेक विषयांना लागू पडतात. 'आय वुड लाइक टू ब्रिंग टू युअर नोटिस' या आरंभाने रस्त्यावरील खड्ड्यांचीही तक्रार करता येते आणि नळाला पाणी न येण्याचीही. अनौपचारिक पत्राचा साचा लहान असतो, परंतु त्यात जिव्हाळा दाखवावा लागतो. 'इकडील सर्व खुशाल' ही आपली रीत इंग्रजीत शब्दशः नेली की ती विचित्र दिसते. ज्या मुलाला साचा पक्का येतो पण भाषा मोकळी नाही, त्याने औपचारिक पत्राकडे वळावे. जे मूल इंग्रजी गोष्टींची पुस्तके वाचते, त्याला मित्राला लिहिलेले पत्र अधिक चांगले साधेल. एक सावधगिरी दोन्हींना लागू आहे : पत्रात स्वतःचे खरे नाव, शाळा किंवा बैठक क्रमांक लिहू नये. प्रश्नात दिलेलेच नाव वापरावे. उत्तरपत्रिकेत ओळख उघड करणे नियमाला धरून नाही.

संवाद किंवा भाषण : संवादाचा प्रश्न तुकड्यांत विभागलेला असतो. उलटसुलट दिलेली वाक्ये क्रमाने लावणे, अपुरा संवाद पूर्ण करणे व शेवटी स्वतः दोन-तीन देवाणघेवाणी लिहिणे, असा तो पायरीपायरीने जातो. पहिल्या पायरीवर तर भाषा प्रश्नातच दिलेली असते. पूर्ण उत्तर आले नाही तरी त्यातील काही गुण हाती लागतात. भाषणाच्या बाबतीत मात्र सलग परिच्छेद, श्रोत्यांना संबोधन, मुद्द्यांची मांडणी व समारोप हे सारे एकत्र जमावे लागते. दुर्बल विद्यार्थ्याने संवादच घ्यावा. मात्र शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा धर्मग्रामाच्या कार्यक्रमात माईकसमोर उभे राहिलेल्या मुलाने भाषणाला घाबरण्याचे कारण नाही. श्रोत्यांना उद्देशून बोलण्याची लय त्याच्या कानात आधीच बसलेली असते.

माहितीचे रूपांतर : परिच्छेदावरून तक्ता किंवा शाखाकृती तयार करताना नवी वाक्ये रचावी लागत नाहीत. शब्द परिच्छेदातूनच उचलावयाचे असतात. उदाहरणार्थ, वाहतुकीच्या साधनांविषयी परिच्छेद असेल तर 'रस्ता, रेल्वे, जल, हवाई' अशा शाखा पाडून प्रत्येकीखाली तिची साधने मांडावयाची. व्याकरणाची भीती असणाऱ्या मुलासाठी हा सर्वांत सुरक्षित पर्याय होय. पण यालाही एक अट आहे. परिच्छेद समजला पाहिजे. मुख्य भाग कोणता व उपभाग कोणता हे न कळता केलेला तक्ता सुबक दिसतो, पण चुकीचा असतो. याउलट आलेखावरून परिच्छेद लिहिणाऱ्याला तुलनेची भाषा यावी लागते : जास्त, कमी, सर्वाधिक, दुप्पट, घट, वाढ. विज्ञान व भूगोल आवडणाऱ्या मुलांना हे शब्द लवकर बसतात. आलेखातील प्रत्येक आकडा पुन्हा लिहून काढणे म्हणजे परिच्छेद नव्हे. सर्वांत मोठा फरक कोणता हे प्रथम सांगून मग तपशील द्यावा.

बातमी किंवा कथा : सर्वाधिक फसगत येथे होते. कथा आकर्षक वाटते, परंतु ती लांबत जाते व तिच्यात काळाचा गोंधळ होतो. मराठीत गोष्ट सांगताना आपण सहज वर्तमानकाळात शिरतो. 'तो गेला, पाहतो तर काय, दार उघडे!' हे आपल्याकडे शोभते. इंग्रजी उत्तरात मात्र आरंभ भूतकाळात व मध्य वर्तमानकाळात असला की परीक्षक ती चूक धरतो. शिवाय इंग्रजीतील अनेक नित्याच्या क्रियापदांची भूतकाळाची रूपे नियमाबाहेरची आहेत व ती पाठ असावी लागतात. बातमीचा आवाका लहान असतो. मथळा, स्थळ व दिनांक, पहिल्याच वाक्यात काय-कोठे-केव्हा-कोणी, त्यानंतर तपशील. तिच्यात 'मी' येत नाही. मात्र तिला कर्मणी रचना लागते. 'स्पर्धा आयोजित करण्यात आली', 'बक्षिसे देण्यात आली' अशा चार-पाच वाक्यांचा सराव झालेला असल्यास बातमी दहा मिनिटांत पूर्ण होते. कथा त्यानेच निवडावी, ज्याने वर्षभरात किमान दहा-बारा कथा इंग्रजीत लिहून तपासून घेतल्या आहेत.

याखेरीज सातव्या प्रश्नातील भाषांतरातही शब्द, वाक्ये व म्हणी यांत निवडीला वाव असतो. येथे वाक्याची लांबी पाहू नये. ज्या वाक्यातील एकही शब्द अडत नाही ते घ्यावे.

मराठी जेव्हा दुसरी भाषा असते

इंग्रजी माध्यमातील मुलाचा प्रश्न नेमका उलटा असतो. 'अक्षरभारती'च्या उपयोजित लेखनात पत्र किंवा सारांश, जाहिरात, बातमी व कथा, तसेच प्रसंगलेखन, आत्मकथन व वैचारिक लेखन अशा प्रकारांतून निवड करावयाची असते. या मुलाला विचार सुचतात, शब्दही येतात, पण लिंग, वचन व ऱ्हस्व-दीर्घ यांनी तो हैराण होतो.

इंग्रजीत निर्जीव वस्तूला व्याकरणातील लिंग नसते. मराठीत नदी ती, डोंगर तो व झाड ते. भूतकाळात तर क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जाते : मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली, मी केळे खाल्ले. म्हणून घडलेला प्रसंग सांगण्याचा विषय कितीही सोपा वाटला, तरी त्यात प्रत्येक वाक्याला अशी कसोटी असते. आत्मकथनात एक सोय आहे. बोलणारी वस्तू एकदा ठरली की तिचे लिंग कायम राहते. नदी बोलत असेल तर शेवटपर्यंत 'मी वाहते, मी थकले' असेच लिहावयाचे. वैचारिक लेखनाला वर्तमानकाळ पुरतो, परंतु भाववाचक नामे व जोडाक्षरे फार येतात. शुद्धलेखन बरे असणाऱ्यानेच ते घ्यावे.

जाहिरात हा या मुलांसाठी उपकारक प्रकार आहे. तिच्यात पूर्ण वाक्यांची सक्ती नसते. मथळा, वैशिष्ट्ये, सवलत, पत्ता व संपर्क एवढे नेमके व आकर्षक मांडले की काम होते. सारांशलेखनाचे वैशिष्ट्य असे की, उतारा कृतिपत्रिकेतच असतो व तो साधारण एकतृतीयांश करावयाचा असतो. शब्द समोर असल्याने शुद्धलेखनाच्या चुका टळतात. परंतु उताऱ्यातील वाक्ये जशीच्या तशी उतरवणे म्हणजे सारांश नव्हे. पत्र घेणाऱ्याने नव्या नमुन्यानुसार मांडणी डाव्या बाजूने करावी व ई-मेल पत्त्यांची जागा विसरू नये. पालकांनी स्वतः शिकलेला जुना नमुना मुलांना सांगू नये, याचाही येथे उल्लेख करणे आवश्यक आहे.

वाडीवरील मुलांसाठी प्रसंगलेखन हा अनेकदा योग्य पर्याय ठरतो. भाताची लावणी, पहिला पाऊस, बाजाराचा दिवस, वाट चुकलेले जनावर असे विषय आल्यास त्यांच्यापाशी शहरातील मुलाकडे नसलेला प्रत्यक्ष अनुभव असतो. अनुभव जवळचा असला की वाक्ये लहान व खरी येतात. बोलीतील एखादा शब्द संवादात आला तर त्याने लेखनाला बाधा येत नाही. निवेदन मात्र प्रमाण मराठीत ठेवण्याचा सराव शिक्षकांनी करून घ्यावा.

परीक्षागृहातील पाच पायऱ्या

निवडीची रीत सोपी असावी, कारण घाबरलेल्या मनाला गुंतागुंतीचे नियम आठवत नाहीत. पुढील क्रम वर्षभर पाळल्यास तो सवयीचा होतो.

पहिली पायरी : दोन्ही पर्याय शेवटपर्यंत वाचावेत. कित्येकदा पहिला पर्याय वाचूनच मूल लिहू लागते.

दुसरी पायरी : प्रत्येक पर्यायाची पहिली तीन वाक्ये मनात म्हणून पाहावीत. ती त्या भाषेतच म्हणावीत, मराठीत नव्हे. ज्याची तीन वाक्ये न अडखळता येतात तो पर्याय आपला.

तिसरी पायरी : त्या प्रकाराचा साचा आठवतो का, हे तपासावे. वाक्ये येतात पण बातमीचा आराखडा आठवत नाही, असे झाल्यास दुसऱ्या पर्यायाचा विचार करावा. लेखन तपासताना आशय, भाषा व मांडणी या तिन्ही गोष्टी पाहिल्या जातात.

चौथी पायरी : हे सारे एका मिनिटात संपवावे व पर्यायाचा क्रमांक स्पष्ट लिहावा.

पाचवी पायरी : एकदा ठरवल्यावर मागे फिरू नये. अर्धे पत्र खोडून दुसरे लिहिणाऱ्याचे दोन्ही बाजूंनी नुकसान होते. दोन्ही पर्याय लिहिल्याने गुणही दुप्पट होत नाहीत.

एकाच पर्यायावर विसंबून राहावे काय?

'आमचा मुलगा फक्त औपचारिक पत्रच तयार करून जातो' असे काही पालक अभिमानाने सांगतात. हे धोक्याचे आहे. ज्या एका प्रकाराची तयारी केली त्याचाच विषय त्या दिवशी अपरिचित निघाला तर मुलाचा धीर सुटतो. प्रत्येक जोडीतील एक प्रकार पक्का व दुसरा कामापुरता तयार असावा, हा शहाणपणाचा मार्ग होय. बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शकांतील पत्रे जशीच्या तशी पाठ करणे तर त्याहून घातक आहे. प्रश्नात वाचनालयाविषयी विचारलेले असते व उत्तरात वृक्षारोपणाचे पत्र उतरते. साचा पाठ करावा, मजकूर पाठ करू नये.

जगात अन्यत्रही परीक्षकांनी या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. केंब्रिजच्या 'बी-टू फर्स्ट' या इंग्रजी परीक्षेत लेखनाचा पहिला भाग सर्वांना सक्तीचा असतो व दुसऱ्या भागात तीनपैकी एक प्रकार निवडता येतो. परदेशी शिक्षणासाठी दिल्या जाणाऱ्या 'आयईएलटीएस' परीक्षेत मात्र लेखनाच्या दोन्ही कृती कराव्याच लागतात. तेथे निवडच नाही. दहावीनंतर ज्यांना पुढे जावयाचे आहे त्यांनी ही गोष्ट आताच जाणून घ्यावी.

व्यवहारातही असेच असते. आपल्या परिसरातील कारखान्यात नोकरीचा अर्ज करावयाचा असतो, तहसील कार्यालयात दाखला मागावयाचा असतो, कामावर झालेल्या अपघाताचा वृत्तान्त लिहून द्यावयाचा असतो. तेथे 'किंवा' हा शब्द नसतो. म्हणून निवड ही तीन तासांपुरती युक्ती आहे. वर्षभराचा सराव सर्वच प्रकारांचा हवा. जून ते डिसेंबर या काळात मुलाने मुद्दाम अवघड वाटणारा पर्याय लिहावा व जानेवारीपासून सोप्या पर्यायावर हात बसवावा. तसे केल्यास परीक्षाही साधेल व भाषाही येईल.

परक्या भाषेत लिहिणाऱ्याने लेखनप्रकार विचारपूर्वक निवडल्याचे एक थोर उदाहरण आपल्या वाचकांना परिचित आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले, येथील भाषा शिकले, आणि त्यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. त्यासाठी त्यांनी युरोपातील एखादा काव्यप्रकार आणला नाही. येथील श्रोत्यांच्या कानांना सवयीची असलेली ओवी व पुराणाची रचना त्यांनी स्वीकारली. ज्या प्रकाराचा साचा त्या भाषेतच तयार आहे व ज्याची लय आपण पुरेशी ऐकली आहे, तो प्रकार परक्या भाषेत लिहिणाऱ्याला आधार देतो. दहावीच्या मुलालाही हेच सांगावयाचे आहे.

पालक व धर्मग्राम काय करू शकतात?

'आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही काय मदत करणार?' हा प्रश्न नेहमी ऐकू येतो. मदतीसाठी इंग्रजी यावेच लागते असे नाही. आठवड्यातून दोन वेळा मुलासमोर जुनी कृतिपत्रिका ठेवावी व घड्याळ लावावे. मुलाने एका मिनिटात पर्याय निवडला का, निवडीचे कारण त्याला सांगता आले का, पहिली तीन वाक्ये तो न थांबता बोलला का, अकरा-बारा मिनिटांत लेखन संपले का, या चार गोष्टी कोणत्याही आईवडिलांना पाहता येतात. पत्रात दिनांक, विषय व समारोप आहे की नाही हेही नमुना शेजारी ठेवून तपासता येते.

धर्मग्रामातील युवक मंडळाने, विशेषतः महाविद्यालयात शिकणाऱ्या तरुणतरुणींनी, डिसेंबरपासून शनिवारी-रविवारी दोन तास अशा सरावासाठी दिल्यास फार मोठे काम होईल. त्यात शेजारच्या वाडीवरील मुलांनाही बोलवावे. ज्यांची कुटुंबे भट्टीवर गेली आहेत व जी मुले आजी-आजोबांकडे किंवा वसतिगृहात राहून परीक्षा देत आहेत, त्यांची निवांत बसून लिहिण्याची सोय झाली तरी त्यांचा अर्धा भार हलका होतो. कृतिपत्रिकेचा आराखडा व गुणविभागणी मंडळ वेळोवेळी बदलते. म्हणून सराव सुरू करण्यापूर्वी चालू वर्षाचा आराखडा शाळेतून अवश्य मागून घ्यावा.

निकालाच्या दिवशी कोणत्या मुलाने कथा लिहिली व कोणी बातमी, हे कोणी विचारत नाही. मात्र ज्या मुलाने आपली ताकद ओळखून पर्याय घेतला व घेतलेला पर्याय पूर्ण केला, त्याच्या उत्तरपत्रिकेत त्या पानांवर रिकामी जागा उरत नाही. पस्तिशीच्या उंबरठ्यावर असलेल्या विद्यार्थ्यासाठी ते भरलेले पानच अकरावीचा, तंत्रशिक्षणाचा किंवा नोकरीचा मार्ग मोकळा करते.